तुळशीच्या लग्नातला हवाईचा ऊस

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझ्या मनातल्या मनात बॅगा भरूनसुद्धा झाल्या होत्या. आम्ही तेव्हा कुवेतला, सलवा भागात राहायचो. माझा धाकटा दीर हवाई बेटांवर नोकरीला. तिथल्या लोकांच्या पूर्वजांनी होड्यांतून आणलेला जुना ऊस शोधून पुन्हा लावायचा आणि त्याची रम गाळायची, हे त्याचं काम. तुळशीच्या लग्नाला म्हणून येताना त्यातलेच दोन पट्टेरी ऊस घेऊन आला.

ते आम्ही कुंडीला बांधत होतो, तेवढ्यात घरमालक अबू सालेम दारात. तरुणपणी मुंबईत व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा.

"ये क्या है?"

माझा पाच वर्षांचा ओम म्हणाला, "काका मेक्स रम फ्रॉम इट."

कुवेतमध्ये दारूला बंदी. मनात म्हटलं, झालं. घर गेलं, नवऱ्याचा व्हिसा गेला.

"नहीं नहीं, वो उधर, हवाई में," मी म्हणाले. "इधर सिर्फ शादी के लिए."

"किसकी शादी?"

मी तुळशीकडे बोट दाखवलं. दीर मदतीला धावला, "वहिनी, नवरदेवही दाखवा ना." मी ताम्हनातला बोटभर बाळकृष्ण पुढे केला.

अबू सालेमने तुळशीकडे बघितलं, बाळकृष्णाकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसला.

"रम का समझ गया. शादी का फिर से बोलो."