फळीवरचे ड्रम

...नाही, पण बिल्ला बघून घेतात हो, बिल्ला बघून! तुम्हाला सांगतो, ड्रम विकण्याइतका मनस्तापाचा धंदा दुसरा नाही. गिऱ्हाईक आत आलं की आधी कंपनीचा बिल्ला वाचणार, मग रंग बघणार, मग बोटाने टिचकी मारून मान डोलावणार, जसं काही कलिंगड घेतोय! अरे बाबा, ड्रम घ्यायचा असतो कानाने, आणि तू घेतोस डोळ्याने!

आता आमचा मेहुणाच घ्या. बायकोचा धाकटा भाऊ, मला दाजी म्हणतो. हात काय आहे त्याचा! पण हाताला काम नाही. ज्या हॉटेलात वाजवायचा तिथल्या मालकाने मशीन आणून बसवलं, बटण दाबलं की ठेका सुरू, ना पगार मागतं ना रजा... तेव्हापासून हा घरात बसून ताटावर, टेबलावर, खिडकीच्या काचेवर बोटं बडवतोय, त्याची बायको "मी जाते माहेरी" म्हणतेय, आणि आमची ही? ती मला उठता-बसता, "तुमच्या एवढ्या ओळखी, माझ्या भावाच्या वेळेलाच कुठे जातात?" असो. तर एका मोठ्या हॉटेलात जागा निघाली. शनिवारी वाजवून दाखवा, ड्रम स्वतःचा आणा, असा निरोप. आणि याचा जुना ड्रम कसा, तर लाकूड तडकलेलं, वाजवला की सर्दी झाल्यासारखा बोलतो!

आला दुकानात. "दाजी, तीच कंपनी दाखवा." कुठली, तर जिचा बिल्ला सगळ्या मोठमोठ्या वाजवणाऱ्यांपुढे दिसतो, ती! म्हटलं, अरे राजा, बिल्ला वाजतो का? "वाजत नाही दाजी, पण समोरच्याला दिसतो ना!" बघा! म्हणजे रक्ताचा... बरं, रक्ताचा नसेल, पण नात्यातला माणूससुद्धा ड्रम घेणार तो डोळ्यानेच!

म्हटलं, मागे वळ, भिंतीकडे तोंड कर. ही माझी पद्धत आहे, स्वतः काढलेली. गिऱ्हाइकाने भिंतीकडे बघायचं, मागे मी ड्रमांनी भरलेल्या फळीपुढे बसून एकेक वाजवणार, आवडला की हात वर. भले भले उभे केलेत त्या भिंतीपुढे, तास चुकवल्याची शिक्षा झाल्यासारखे!

पहिला वाजवला बर्चच्या लाकडाचा. बर्च म्हणजे फटकळ आत्याबाई, ठाप्पकन बोलणार, विषय संपला. याचा हात खालीच. मग महोगनी, पोटातून बोलणारा, जेवून उठलेल्या सासरेबुवांसारखा. हा नुसता हुंकारला. मग मेपल... काय सांगू! एक टोला मारला आणि आवाज कसा गोल, भरलेला, दुकानभर फिरून परत आला! याचा हात वर. वळला तर डोळ्यांत पाणी. "दाजी, हाच. कुठल्या कंपनीचा?" सांगितलं, कुणी नावही ऐकलं नसेल. "असू दे," म्हणाला, "मला हाच हवा." तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांत पहिला माणूस, ज्याने ड्रम घेतला तो कानाने! मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, तुझ्या भावाचं काम झालं म्हणून समज.

शनिवारी मीही गेलो सोबत. हॉटेलचा हॉल बघितला आणि मी दारातच थबकलो. पायाखाली जाड गालिचा, भिंतीभर मखमली पडदे, खुर्च्यांना गाद्या! मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला, "हं, करा." मेहुण्याने हात उचलला, तोच हात, तोच टोला... आणि आवाज? धप्! उशी आपटल्यासारखा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. ड्रमचं कातडं ताणून झालं, सैल करून झालं... धप्!

आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. नुसते पडदे नव्हेत हो! दुकानात तो ड्रम एकटा वाजतच नव्हता! त्याचा सूर नेमका फळीवरच्या ड्रमांशी जुळला होता, याला टोला पडला की ते सगळे आपणहून घुमत होते, कुणाच्या तळाला ताणलेल्या तारा झणझणत होत्या, कुणी नुसतं 'हं हं' करत होतं. मी रोज तिथेच बसतो, मला ते ऐकू येणं कधीच बंद झालंय, आपल्याच घोरण्यासारखं! मी गिऱ्हाइकाचे डोळे बंद केले, पण मागे अख्खी फौज साथीला उभी, तिचं काय? कानाने घेतला हो ड्रम... कानानेच फसवलं!

संपलं, म्हटलं. आता घरी तोंड कसं दाखवू? तर मॅनेजर हसत हसत उठला. "वा! हेच पाहिजे होतं! आधी आलेल्यांनी नुसत्या कानठळ्या बसवल्या. इथे लोक जेवायला येतात, गप्पा मारायला येतात. तुमचं वाजवणं कसं, आहे पण नाही! सोमवारपासून या."

आहे पण नाही! हे काय कौतुक झालं? मेहुण्याने खाली मान घालून "हो साहेब" म्हटलं. बाहेर आल्यावर म्हटलं, अरे, बदलून देतो, दुसरा घे. तर म्हणतो, "नको दाजी. चांगला वाजला तर काढतील."

घरी सगळ्यांना आनंद. बायको खूश, त्याची बायको खूश, माहेरची बॅग पुन्हा माळ्यावर. आणि हा? हा रोज दुपारी तो मेपलचा ड्रम काखोटीला मारून माझ्या दुकानात येतो, फळीसमोर स्टूल ओढून बसतो आणि वाजवतो. वाजवू दे, म्हटलं, संध्याकाळी बिचाऱ्याला धप् धप् करायचंच आहे. पण परवा फळीवरचा एक ड्रम विकला गेला. दुकान आहे, विकणारच ना? हा आला, एक टोला मारला आणि थांबला. "दाजी... डावीकडचा कुठे गेला?" म्हटलं, विकला. काठ्या ठेवल्या, निघून गेला. त्या दिवशी हॉटेलातही गेला नाही!

काय करणार? गेलो त्या गिऱ्हाइकाच्या दारी, हात जोडले, दुसरा भारी ड्रम गळ्यात मारला आणि तो परत आणून होता त्या जागी ठेवला. आता फळीकडे कुणी बोट दाखवलं ना, की मी सरळ सांगतो, "साहेब, तेवढे सोडून काहीही मागा... ते आमच्याकडे कामाला आहेत!"