उलटं पातं

शिवणयंत्राचं तेल घ्यायला शिंपीणबाई हार्डवेअरच्या दुकानात उभ्या होत्या. पुढच्या आजोबांच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा होता आणि त्यांचं दुकानदाराशी बोलणं काही आटपत नव्हतं.

"स्क्रोल सॉवर, त्या विजेच्या करवतीवर, पक्षी कापतोय. पण तो टेबलावर ठरतच नाही, फडफडतो."

"लाकडाचा ना?"

"नाहीतर काय, खराखुरा कापू?"

"आजोबा, पातं उलटं लावलंय तुम्ही. दाते वर असले की लाकूड उचललं जातं. दाते खाली करा, गप बसेल. आणि ढकलू नका, पात्याला त्याच्या चालीनं जाऊ द्या."

"गप नको बसायला. आमची ही आजारपणापासून अंथरूण सोडत नव्हती. काल फडफड ऐकली आणि भिंत धरत धरत दारापर्यंत आली. म्हणाली, अहो, खिडकी लावा, उडून जाईल."

"मग?"

"लावली. तेवढ्यात पातं तुटलं, आणि ही परत जाऊन झोपली. नवीन द्या. उलटंच लावतो."

"बोटं जातील! सरळ लावा, पक्षी नीट कापा, पंखांना बिजागऱ्या बसवा. दोरी ओढली की फडफडेल."

"तिला आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढा आवाज होईल?"

"तेल घातलं नाही, तर गल्लीला ऐकू जाईल."

"मग बिजागऱ्याही द्या. गंजक्या असल्या तर बघा."

दुकानदार शोधायला वळता वळता म्हणाला, "ताई, तुम्हाला काय हवंय?"

"तेल. पण आधी आजोबांना जाऊ द्या."