शाखेच्या फाटकावरचा काटा

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो. इकडे बसा, खिडकीपाशी. सूनबाई येतीलच एवढ्यात. शाखेतून निघाल्या म्हणालात ना, मग वाटेत काही काम काढलं असेल. आम्हांला सांगून जाण्याची पद्धत नाही त्यांची. तुम्ही मुख्य कचेरीचे, बँकेच्या शाखाशाखांतला कचरा तपासत फिरता आणि अहवालावर त्यांची सही हवी आहे — बरोबर? अहो, मला कळणार नाही तर कोणाला? वर्षभर या घरात दुसरा विषय नाही. कमी कचऱ्याची ती बक्षिसाची ढाल आमच्या शाखेला मिळाली की सूनबाईंची बढती पक्की, हेही मी जाणते. असे काय पाहता — हां, हे हातमोजे! कप विसळत होते, काढायचे राहिले. कप आमचे नव्हेत हो, आम्ही कागदी कपातून चहा घेणारी माणसं नव्हे. बँकेचे.

म्हणजे काय म्हणजे? बँकेचे कप. थांबा, तो पडदा नीट करते, तुमच्या डोळ्यांवर ऊन येतंय... तर शाखेच्या फाटकावर तो काटा बसवलाय ना तुम्ही, रोज संध्याकाळी कचऱ्याच्या पिशव्या त्यावर चढतात, आणि माणशी वजन ज्या शाखेचं सर्वांत कमी, ती पहिली — असाच नियम आहे ना? मग माणसं चहा प्यायची थांबली का? टोकनांच्या चिठ्ठ्या फाडायची थांबली? मुळीच नाही. तेव्हा सूनबाईंनी काय केलं, तर आपला कप आपल्या डब्याच्या पिशवीतून घरी आणला. मग शेजारच्या टेबलाचे आणले. आता सबंध शाखा जाताना निमूटपणे त्यांच्या मोटारीच्या डिकीत आपापला कचरा ठेवून जाते — काट्याला शिंकही येत नाही! घरचं काम कचेरीत उरकणारे मी पुष्कळ पाहिले. कचेरीचा कचरा घरी आणणारी ही एकटीच. याला निष्ठा म्हणतात. लिहून घेताय? घ्या, अवश्य घ्या, ढालीच्या वेळी वाचून दाखवा. चहा टाकू का? नको? बरं.

आणि इथे आणून नुसता टाकत नाही आम्ही, गैरसमज नको. फायलींच्या पिना जुन्या काट्याच्या चमच्यानं उपसून वेगळ्या करायच्या, यंत्रातून कातरलेल्या कागदांच्या शेवया वेगळ्या, कप विसळून एकात एक. इमारतीच्या पिंपात कसं व्यवस्थित जातं सगळं. त्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यात अडवतात, “काकू, घरात कारखाना काढलात की काय? पिंप एकट्या तुमच्याच कचऱ्यानं भरतं.” मी म्हटलं, “तुम्ही गच्चीवरची टाकी बघा, ती गळते आहे.” चिरंजीव तर रोज कपाळाला हात लावतात — “आई, तुम्ही दोघी वेड्या झाला आहात.” दोघी! या घरात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

कारण सांगू का — नको, तुमच्या कामाचं नाही ते. तरी सांगते. सूनबाईंचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आम्हां दोघींचं बोलणं ‘दूध उतू जाईल’ नि ‘किल्ली घेतली का’ याच्यापलीकडे कधी गेलं नाही. मी काटेकोर, त्या घाईच्या. मी धुतलेलं भांडं पुन्हा धुते म्हणून त्यांचा राग, आणि त्या न पुसता ठेवतात म्हणून माझा. आता जेवणं आटोपली की गॅलरीत चटई टाकून बसतो, ती पिना काढते, मी कप लावते. हात गुंतले की तोंड मोकळं होतं, नाही? तिची आई गेली तेव्हा या घरात ती रडली नव्हती, मला वाटलं मुलगी कोरडी आहे. परवा त्या कपांच्या ढिगापुढे बसून हमसून रडली हो, माझ्या मांडीवर—

पेन का थांबलं तुमचं?

खोटं? खोटं कसं? काट्यावर जेवढं चढलं तेवढंच तुम्हांला दिसलं, त्यात फसवणूक कसली! बँकेत कचरा नाही म्हणजे कमीच झाला की नाही? ...पिंपात. हो. आमच्या पिंपात. नाहीसा झालेला नाही, ते मलाही समजतं. समजत नव्हतं असं नाही. पहिली पिशवी रिकामी केली तेव्हाच अगदी ओठांवर आलं होतं — अगं, हा कचरा नुसता इकडून तिकडे! — पण तिनं चटई टाकली होती, माझ्यासाठी शेजारी जागा ठेवली होती. कशी बोलणार?

अहो, ते पान... नाही, फाडा असं मी म्हणणार नाही, असलं मला जमत नाही. पण तिची बढती — म्हातारीच्या बडबडीवर कोणी अहवाल लिहितं का? शाखेतल्या कोणाला विचारा. नको, कोणालाही विचारू नका! लिफ्ट थांबली. तिच्याच चपलांचा आवाज हा. उठू नका, बसा तसेच, ती वही तेवढी मिटा—

आलीस? हे गृहस्थ सहीसाठी आलेत. आत्ताच आले गं, अगदी आत्ता. नाही, मी कशाला काही बोलेन.