अकरा हात आणि एक जर्मन शिवी

आजच्या अध्यक्षा सन्माननीय रेखाताई, व्यासपीठावरचे पाहुणे, मराठी मंडळ सोडून टेक्ससला निघालेले आपले मावळते अध्यक्ष सुमंत, आणि शॉमबर्गच्या समस्त मंडळींनो, नमस्कार.

मी चौथी नापास. पण सगळ्यांत म्हातारी, म्हणून सुमंतला शाल पांघरवायचा मान मला मिळालाय. दोन शब्द गोड बोला, असंही सांगितलंय. गोडाचं मला पथ्य आहे.

मार्चच्या सभेत सुमंतने रविवारची मराठी शाळा बंद करायचा ठराव मांडला आणि ‘एकमताने मंजूर’ म्हणाला. मंडळाची पत्रिका काढणाऱ्या आश्लेषाने तिच्यात छापलं, विरोधात अकरा हात. झालं! सुमंतने भर ग्रुपवर तिला म्हटलं, ल्यूगेनप्रेस. दोन वर्षं जर्मनीत नोकरी केलीस, येताना हेच मिळालं का रे आणायला? मंडळी हसली, शाबासकीचे अंगठे टाकले. आश्लेषाने पत्रिका सोडली.

मी नातीला विचारलं, “सिया, काय गं म्हणाला तो?”

“आजी, धिस इज नॉट फनी. लबाड छापखाना, असं काहीतरी.”

मग तिने शोधून सांगितलं. दीडशे वर्षांहून जुना शब्द. खोटं आणि छापखाना, एकाला एक चिकटवलेले. आधी तिथले लोक एकमेकांच्या पेपरांवर फेकायचे. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पेपरांवर फेकला. मग हिटलरच्या माणसांनी उचलला, आणि नावडते पेपर बंदच करून टाकले. पुढचं तुम्हा शिकलेल्यांना मी काय सांगू? हल्ली तिकडच्या मोर्च्यांत पुन्हा ओरडतात म्हणे. इथे अमेरिकेतही ओरडून झालंय.

असला शब्द लेकीसारख्या पोरीला, सुमंत?

मार्चची ती सभा इंग्रजीत चालली होती. शाळा बंद करताहेत एवढं कळलं, बाकी कळेना, म्हणून मी हात मोजत बसले. अकरा. त्यातला एक माझा. नंतर सूनबाई म्हणाली, “आई, तुम्ही यात पडू नका,” आणि मी पडले नाही. ती लाज माझी.

आता ही शाल. माझा हात त्या दिवशी वर नव्हताच म्हणतोस, तर आज तो तुझ्या खांद्यापर्यंत कुठून येणार रे? आश्लेषा मागे दाराशी बसली आहे. आधी तिच्याकडे जा. शब्द परत घे. मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तोवर शाल माझ्याकडे राहील. टेक्ससच्या फ्रिस्कोला तशी थंडी कमीच असते म्हणे.

बोलू दिलंत, आभारी आहे. माझं काही चुकलं असेल तर पदरात घ्या. आणि पत्रिका पुन्हा निघाली, तर तेही तिच्यात छापा.