निळी माजिदा

...आणि मार खाल्ला कोणी, तर सिराजने. त्यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. पंच्याण्णव साल, शेलार गावात लूमच्या शेडमध्ये फखरुद्दीनशेठनी कॉम्प्युटर आणून ठेवलेला, का, तर व्यापाऱ्याला कापडावरचं फूल पडद्यावर दाखवायचं. शेठच्या हाताखालचा सिराज ठाण्याला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकून आलेला, त्याने पडद्यावर एक खिडकी बनवली, खाली बटण, दाबलं की खिडकीत चित्र. पण चित्र म्हणजे काय हो? स्कॅनरने काढलेले कच्चे आकडे, एकामागे एक, ना नाव ना रुंदी, एका ओळीत ठिपके किती ते आपणच सांगायचं, एक जरी चुकला तरी अख्खं चित्र तिरकं...

तर अंजूरचा व्यापारी केसरीनाथ माल बघायला बसलेला. सिराजने बटण दाबलं. खिडकीत नुसत्या तिरप्या निळ्या रेषा. शेठने कानाखाली आवाज काढला.

"ये फूल है क्या?"

"शेठ, रुंदी चुकली, थांबा."

रुंदी बदलली, रेषा जुळल्या, पण चित्र पालथं, वरचं खाली. शेठने मान धरून तोंड टेबलावर आपटलं, एक दात तिथेच राहिला, आणि सिराज तसाच वाकडा पडून पडद्याकडे बघतो, तर पालथ्या चित्रात नाक, नाकात चमकी... माजिदा. शेठची मुलगी. फुलाच्या फायलीशेजारीच तिचा फोटो ठेवलेला, आता आकड्यांच्या फायलींची तोंडं सारखीच, दाबली भलतीच, यात त्याचं काय चुकलं?

घाबरून त्याने रुंदी मुद्दाम बिघडवली. जुळलेलं चित्र पुन्हा विस्कटलं. शेठने लूमवरचा धोटा उचलला, लाकडाचा, टोकाला लोखंड, आणि पाठीत घातला. "नीट करतोस का घालू अजून?" दुसरा बसल्यावर सिराजने नीट केलं, सुलटंही केलं. काय करेल?

केसरीनाथ पुढे वाकला. "फखरुशेट, ही तं तुझी माजिदा हाय. पन निली कशी झाली?"

मग जे झालं ते विचारू नका. धोटा मोडला, खुर्ची मोडली, सिराज टेबलाखाली, शेठ वरून लाथा घालतोय, कामगार शिफ्ट सोडून दाराशी... आणि त्यांच्यातून वाट काढत अब्बाचा डबा घेऊन खुद्द माजिदा.

"अब्बा, सोडा त्याला. फोटो मीच दिला. निकाह करीन तर याच्याशीच."

शेठचा पाय वरच्या वर राहिला. सिराज टेबलाखालून निघाला, सुटलो म्हणाला. तेवढ्यात तिची नजर पडद्यावर गेली. गाल निळे, ओठ निळे, कपाळ निळं. आणि त्या पोरीने त्याच्या सुजल्या गालावर अशी ठेवून दिली की उरलासुरला हलणारा दातही गेला.

"मी अशी दिसते तुला?"

लालचे आकडे निळ्याच्या जागी आणि निळ्याचे लालच्या जागी वाचले जात होते हो, एवढंच! पण ते तिला समजावणार कोण? पोरगी सगळ्या कामगारांसमोर बोलून गेलेली, शेठ तरी काय करणार, निकाह झाला. सिराज म्हणतो, दात कमी झाले की बोलणं आपोआप कमी होतं, आणि संसाराला तेवढं पुरतं.