पुन्हा सावकाश दाखवतात तेव्हा

नेब्रास्कातल्या टायरच्या दुकानात ऐकलेला व्हर्लिन म्हाताऱ्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल चालू होता आणि शेजारी त्याची लेक बसली होती.

"बाबा, सामना तीन तासांचा, खेळ जेमतेम दहा मिनिटं! बाकी नुसता घोळका आणि जाहिराती."

"चर्चमध्ये तरी देव किती वेळ दिसतो गं?"

"तुमच्याशी बोलून कोण जिंकणार! बर्फात एकटे घरी जाल ना नीट?"

"जाईन की. थांब, मघाचंच पुन्हा सावकाश दाखवतायत. हेच मला आवडतं."

"खरा खेळ सोडून?"

"पोरी, खऱ्या खेळातला चेंडू मला वर्षभर दिसलेलाच नाही."

"आणि गाडी चालवता?"

"रस्ता काही कुणी पुन्हा सावकाश दाखवत नाही. घे किल्ली, तूच चालव."