सहाशे चाळीस डाग

माझं नाव उस्मान, गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठाला, आणि बाप माझा गलबतावर तांडेल होता, कौलं भरून मुंबईला न्यायचा. मोजणी मला त्याच्याकडून आली. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं मोजणं म्हणजे काय, पोरंटोरं पण मोजतात, पण उन्हात उभं राहून, वर क्रेन, खाली माणसं बोंबलतायत, बाजूचा विचारतोय उस्मानभाई चाय आली का, आणि तरी आकडा चुकवायचा नाय, हे सगळ्यांना जमत नाय. बाप एकच सांगायचा, मोजताना कोणी हाक मारली तरी मान वळवू नको. मी आयुष्यात कधी वळवली नाय, आणि त्याच्यापायी जे गेलं ते गेलं.

कुवेतची लढाई संपली त्या वर्षी मी दुबईत उतरलो, जबल अलीच्या धक्क्यावर, टॅली क्लार्क म्हणून. टॅली म्हणजे जहाजातून जो माल उतरतो त्याचा एक एक डाग मोजून कागदावर रेघ मारायची, चार उभ्या, पाचवी आडवी. डाग म्हणजे पेटी, गोणी, खोका, जे काय असेल ते. चार वर्षं कामगारांच्या कॅम्पात काढली, मग शारजात दोन खोल्या घेतल्या, बायकोला, खैरुनला आणली, आमची पोर शबाना इथेच शाळेत गेली, मी मराठीत विचारायचो, ती इंग्लिशमध्ये जबाब द्यायची. खैरुनचा धाकटा भाऊ बशीर, त्याला पण मीच आणला, माझ्या शब्दावर कंपनीनं घेतला. माणूस नंबर एक. हमालांच्या टोळीचा मुकादम झाला तो, आवाज असा की धक्क्याच्या ह्या टोकाला हाक दिली की त्या टोकाचा माणूस उठून उभा राहायचा.

तर ते दोन हजार साल. उन्हाळ्यात अमेरिकेहून गाड्यांच्या पंपाच्या पार्ट्सचा माल आला, लाकडी पेट्या. जहाजाखाली मी उभा, मोजल्या सहाशे चाळीस. सोळा ट्रक लागले, ट्रकाला चाळीस, आणि बशीर आपली टोळी घेऊन ट्रकांबरोबर शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेला, तिथल्या गोदामात माल उतरवला. संध्याकाळी गोदामाच्या क्लार्कनं कागद पुढे केला, बशीरनं अंगठ्याएवढी सही ठोकली आणि घरी येऊन जेवला. त्या कागदावर होतं सहाशे चोवीस, इंग्लिश अक्षरांत. बशीरला इंग्लिश वाचता येत नाय.

दोन-अडीच महिन्यांनी बोंब झाली. सोळा पेट्या कमी. गोदामवाल्यानं इन्शुरन्स मागितला, इन्शुरन्सची कंपनी अमेरिकेची, ती बोलली जहाजातून सहाशे चाळीस उतरल्या, गोदामात सहाशे चोवीस पोचल्या, म्हणजे वाटेत चोरी झाली, आणि वाटेत होता कोण, तर बशीर. खलास. त्याला कामावरून काढून कॅम्पात बसवला, पासपोर्ट ऑफिसात, देश सोडायचा नाय, चौकशी चालू. शुक्रवारी मशिदीत लोक त्याच्या बाजूला बसेनात.

आमचे मॅनेजर कुलकर्णी साहेब पुण्याचे, वाईट माणूस नव्हते, ते तुम्ही लिहा, दिवाळीला लाडू आणून द्यायचे. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि बोलले, उस्मानभाई, करारात लिहिलंय भांडण झालं तर निवाडा न्यूयॉर्कला, तर तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय, इन्शुरन्सवाल्यांच्या वकिलासमोर शपथेवर एक कागद सही करायचा. कागदात काय, तर जहाजाखालची मोजणी अंदाजे होती, सहाशे चोवीसच उतरल्या असतील. म्हणजे सोळा पेट्या जमिनीवर आल्याच नाहीत, आपली कंपनी सुटली, तुमचा मेव्हणा पण सुटला, कोणाचं काही गेलं नाही. मी बोललो, साहेब, माझं गेलं ना. ते बोलले, तुमचं काय गेलं? आता हे त्यांना कसं सांगायचं. दहा वर्षं मी रेघ मारतोय, एकदा अंदाजे लिहून दिलं की मागच्या दहा वर्षांच्या सगळ्या रेघा अंदाजे.

घरी खैरुननं जेवण वाढलं नाय. ती बोलली, माझा भाऊ चोर म्हणून बसलाय आणि तुम्हाला आकड्याची पडलीय, करा सही. शबाना टीव्हीवरून नजर न काढता बोलली, अब्बा, जस्ट साइन इट. मी बोललो, इन्शाल्ला बघू, आणि बॅग भरली. दुबईत देऱ्याच्या बाजारात एक जाकीट घेतलं नव्वद दिरहमला, म्हणजे आपले हजार-अकराशे रुपये, आणि तिथे उतरल्यावर कळलं की त्या थंडीला ते जाकीट म्हणजे बनियन.

विमानतळावर गोऱ्या ऑफिसरनं विचारलं, कशाला आलात? साहेबांनी पढवलं होतं बिझनेस बोला, माझ्या तोंडातून निघालं, काउंटिंग, मोजणी सांगायला आलोय. तो खदाखदा हसला, बाजूच्याला बोलावून सांगितलं, आणि शिक्का मारून बोलला, बरं झालं आलात, आम्हाला माणसं हवीच आहेत. मला काय कळेना. हॉटेलात टीव्ही लावला तेव्हा कळलं. ह्यांची इलेक्शन होऊन तीन-चार हप्ते झालेले आणि राष्ट्राध्यक्ष कोण ते ठरत नव्हतं, का, तर एका राज्यातली मतं मोजून होत नव्हती. एवढा मोठा देश, आमच्या धक्क्यावर ह्यांचं जहाज लागलं की सगळे सरळ उभे राहतात, आणि ह्यांना मोजता येत नाय!

शहर कसं ते काय सांगू तुम्हाला. दुबईत पण इमारती बघितल्या, पण तिथे त्या लांब लांब उभ्या, इथे एकमेकींच्या खांद्याला खांदा, आभाळ बघायला मान मोडायची. लोक इतके भरभर चालतात की मला वाटलं पुढे कुठे काही पेटलंय. ही गोष्ट ते दोन टॉवर पडायच्या आधीची, तेव्हा माझ्यासारख्या दाढीवाल्याकडे कोण वळून बघत नव्हतं, टॅक्सीवाला पण आपल्याकडचाच, अस्सलाम अलैकुम करून हलाल खाणावळीत नेऊन सोडलं. त्या खाणावळीच्या समोर चौकात दोन जमाव, बोर्ड घेऊन. ह्या बाजूचे ओरडतायत सगळी मतं मोजा, त्या बाजूचे ओरडतायत मोजणी बंद करा. मी मधे. एका म्हातारीनं बोर्ड माझ्या हातात दिला आणि स्वतः नाक पुसायला लागली, मी बोर्ड धरून उभा. साहेब धावत आले, उस्मानभाई, वेडे झालात काय, व्हिसावर आलोय आपण, परक्या देशात भलत्या भानगडीत कुठे पडता! मी बोर्ड परत दिला. पण वाचला होता मी तो, प्रत्येक मत मोजा एवढंच लिहिलं होतं, त्यात भानगड मला काय दिसली नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाकडे जायचं होतं. पहाटेची फजरची नमाज झाली आणि मी टीव्हीसमोर बसलो. डोळ्यांनी अधू असा एक माणूस, चष्मा कपाळावर, मतपत्रिका उजेडाकडे धरून बघतोय. बातमीवाला सांगत होता की माणसानं कागदाला भोक पाडायचं असतं, पण भोकाचा तुकडा नीट पडला नाय, लटकत राहिला, तर यंत्र ते मत धरतच नाय. मी मनात बोललो, बघ, मत देणाऱ्यानं मत दिलं, पण मोजणाऱ्यानं धरलं नाय. डाग आला, पण रेघ पडली नाय. आणि मी ताडकन उठून उभा राहिलो.

सोळा ट्रक, सोळा पेट्या. ट्रकाला एक! चोर असता तर एका ट्रकातून सोळा उचलून मोकळा झाला असता, सोळा ट्रकांतून एक एक कोण चोरेल?

आता आमच्याकडची रीत ऐका. पहिल्या डागाला आम्ही एक म्हणत नाय. दर ट्रकाला मोजणी नव्यानं, पहिला डाग उचलायचा, मनात अल्लाचं नाव घ्यायचं, बरकत मागायची, गप ठेवायचा, आणि आकड्याची हाक सुरू करायची ती दोनपासून. माझा बाप तसंच करायचा, आमच्याकडचे हिंदू व्यापारी पण धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी धक्क्यावर डोळ्यांनी मोजतो, मला बशीर काय बोलतो त्याच्याशी मतलब नाय. पण गोदामातला माणूस?

खाली जाऊन कार्डवाल्या फोनवरून घरी फोन लावला, तिकडे संध्याकाळ, बशीर घरीच आला होता बहिणीला भेटायला. मी विचारलं, गोदामाचा क्लार्क कुठे बसला होता? बशीर बोलला, केबिनच्या दारात, एसीच्या हवेला, पाठ आमच्याकडे. मी बोललो, मग मोजत कसा होता? बोलला, माझ्या हाका ऐकून, हाकेला एक रेघ, हिंदी येत नव्हती त्याला, आकडा समजत नव्हता, नुसता आवाज. आणि पहिल्या पेटीला हाक? बशीर बोलला, पहिल्या पेटीला कशी देईन हाक? असा राग आला त्याला, जसा मी भलताच प्रश्न विचारला. ट्रकाला पेट्या चाळीस, हाका एकोणचाळीस.

वकील म्हातारा, गोरा, टेबल एवढं मोठं की त्याला पेन द्यायला मला उठावं लागलं. कुलकर्णी साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी बोललो, सही नाय करणार. साहेब मराठीत, हळू आवाजात बोलले, उस्मानभाई, जानेवारीत तुमच्या व्हिसाचं रिन्यूअल आहे. मी मोठ्यानं बोललो, करा कॅन्सल, साहेब, पण सहाशे चाळीस उतरल्या आणि सहाशे चाळीस गोदामात आहेत, अंदाजे नाय, अल्लाची शपथ, एक कमी नाय एक जास्त नाय. वकिलानं विचारलं, हा काय म्हणतोय? मग माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये मी त्याला सगळं सांगितलं, टेबलावर त्याची पुस्तकं उचलून ठेवून दाखवली, पहिलं गप, मग टू, थ्री, फोर. आणि बोललो, साहेब, तुमचा अख्खा देश महिनाभर मतं मोजतोय, आणि आमच्या गोदामात जाऊन कोणी सहाशे पेट्या मोजल्या नाहीत, एका गरिबाला चोर केलात फक्त. त्यानं एक एक पुस्तक परत जागेवर ठेवलं. मग कुलकर्णी साहेबांना विचारलं, व्हाय हॅज नोबडी काउंटेड? आणि बोलला, आधी गोदामात जाऊन मोजा. म्हाताऱ्याचा फायदाच होता त्यात, पेट्या निघाल्या तर त्याच्या कंपनीला एक पैसा द्यायला लागणार नव्हता, मेहरबानी काय केली नाय त्यानं.

मी परत आलो त्याच हप्त्यात तिकडे त्यांच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं मोजणी थांबवली, एका बाजूचा माणूस गादीवर बसला, विषय संपला. आमची मोजणी झाली. गोदामाचा मालक नको नको बोलत होता, पण इन्शुरन्सवाल्यांचा माणूस दारात उभा, यल्ला, चला, मोजा. मी होतो, कुलकर्णी साहेब होते. गॅरेजवाल्यांना गेलेल्या पेट्यांच्या चिठ्ठ्या एकीकडे, उरलेल्या पेट्या एकीकडे, दोन तास लागले. सहाशे चाळीस. माफ करा असं कोणी बोललं नाय. बशीरला पासपोर्ट दिला, उद्यापासून कामावर ये म्हणाले. माझा व्हिसा जानेवारीत रिन्यू झाला नाय, स्टाफ कमी करतोय असं कागदावर होतं. कुलकर्णी साहेब खाली बसपर्यंत सोडायला आले, माझी पिशवी हातात घेऊन उभे राहिले.

तुम्हाला वाटेल आता बशीर माझ्या गळ्यात पडला. नाय पडला. पासपोर्ट मिळाला त्या संध्याकाळी तो घरी आला, खैरुननं बिर्याणी केली होती, पण तो बसला नाय, दारातच उभा राहून बोलला, भावोजी, एक विचारू? ती हाकेची गोष्ट तुमच्या डोक्यात आलीच नसती, तर केली असती सही? माझ्यासाठी? खैरुन माझ्याकडे बघत होती. मी हो बोललो असतो तर काय बिघडलं असतं, पेट्या तर मिळाल्याच होत्या. पण खोटं कसं बोलू? मी बोललो, नाय, नसती केली. तो मान हलवून निघून गेला, जेवला नाय, आणि त्यानंतर आजपर्यंत माझ्या घरी पाणी प्यायला नाय. पुढच्या वर्षी गावी गेला, तिथे टेम्पो घेतलाय, दोन मुलं आहेत, अल्ला त्याला बरकत देवो, त्याच्या पोरांना सलामत ठेवो, हे मी रोज दुव्यात मागतो.

मी आता इथेच, शारजात, एका टायरवाल्यानं नवा व्हिसा दिला, त्याच्याच गोदामात मोजतो. पगार कमी, बस नाय, चालत येतो. ईदला खैरुन भावाला फोन लावते, बोलून झालं की माझ्याकडे देते, आणि फोन माझ्या हातात येईपर्यंत तो तिकडून ठेवलेला असतो. बायको बोलते, एकदा बोला ना त्याला, की केली असती सही, तेवढंच ऐकायचंय त्याला. मला पण माहीत आहे तेवढंच ऐकायचंय. बशीरसाठी मी रक्त देईन, किडनी मागितली तर किडनी देईन, लिहा तुम्ही हे, त्याला वाचून दाखवेल कोणीतरी. पण सही नसती केली.